हिवाळ्यात लायडन: दोघींनी, दोन दिवस, घाई न करता

दिवाळी झाली की माझ्या फोनवर एक ठरलेला प्रश्न येतो. नाताळात नाहीतर जानेवारीत युरोपात येतोय, कालवे बघायचेत, पण अ‍ॅमस्टरडॅमची गर्दी नको; कुठे जाऊ? माझं उत्तरही ठरलेलं आहे. नेदरलँड्समधल्या लायडनला जा, एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला बरोबर घे, आणि शनिवार-रविवार तिथेच राहा. मी हेगजवळ राहते, लायडन माझ्यापासून ट्रेनने पाव तासावर. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण जर्मनीत असते. थंडीत ती आली की आम्ही तिकडेच मुक्काम टाकतो. ती मिरजेची, मी सांगलीची, त्यामुळे एकमेकींच्या गावाला नावं ठेवण्यात आमची निम्मी हयात गेली आहे. पुढे लिहिलेलं बरंचसं भांडून ठरलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

लायडनच का? एक तर ते लहान आहे. जुनं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत अर्ध्या तासात पार होतं, आणि तेवढ्यात कालवे, ८८ पूल, दोन अवाढव्य चर्चेस, पवनचक्क्या आणि चांगली अर्धा डझन संग्रहालयं आहेत. उन्हाळ्यात याचं फारसं काही वाटणार नाही. थंडीत मात्र खोलीपासून कधीच दहा-पंधरा मिनिटांपेक्षा लांब नसणं ही केवढी मोठी सोय आहे, ते पहिल्या वाऱ्यातच कळतं. नाव कुठे ऐकलंय म्हणून डोकं खाजवत असाल, तर शाळेच्या विज्ञानातला तो वीज साठवणारा लायडन जार आठवा. तेच हे गाव.

आधी उजेडाचा हिशेब

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच, बाकीचं विसरलात तरी चालेल. डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. ढगाळ दिवस असला, आणि तो बहुतेक असतोच, तर तीनलाच संध्याकाळची कळा येते. आपल्याकडून येणारी मंडळी सवयीने पहाटे उठतात, आठला आवरून हॉटेलच्या दारात उभी राहतात आणि बाहेर मिट्ट काळोख बघून चिडतात. कशाला? नऊपर्यंत लोळा. गप्पा मारा. दोन दिवस एकत्र मिळालेत ते त्यासाठीच तर.

दिवसाची वाटणी अशी करायची: दहा ते एक बाहेर, पाण्याकाठी, कारण तेवढाच खरा उजेड. मग निवांत जेवण. दोनच्या पुढे एक संग्रहालय. एकच. बहुतेक संग्रहालयं पाचला बंद होतात, म्हणजे बाहेर याल तेव्हा अंधार पडलेला असतो आणि घराघरांत दिवे लागलेले असतात. डच लोक खिडक्यांचे पडदे ओढत नाहीत. कालव्याकाठची ती उंच घरं संध्याकाळी आतून उजळतात, पुस्तकांची कपाटं, लोंबते दिवे, टेबलाशी बसून गृहपाठ करणारं पोर, सगळं रस्त्यावरून दिसतं. बघत बघत चाला, पण थांबून टक लावू नका आणि फोटो तर मुळीच काढू नका. ही एक फेरी उन्हाळ्यात मिळत नाही, तेव्हा रात्री दहापर्यंत उजेडच असतो.

तारखा हातात असतील तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात धरा. दिवस तोवर बराच मोठा होतो, सव्वापाच-साडेपाचपर्यंत दिसतं, आणि नाताळचे चढे दर उतरलेले असतात. डिसेंबरच्या रोषणाईचं आकर्षण असेल तर २५, २६ डिसेंबर आणि १ जानेवारी टाळून या. त्या दिवशी बरंच काही बंद असतं. डिसेंबरात गावातून वाहणाऱ्या नव्या ऱ्हाईनच्या पाण्यावर तरंगता नाताळबाजार आणि स्केटिंगचं मैदान मांडायची इथे पद्धत पडली आहे. यायच्या आधी त्या वर्षीचा बेत तेवढा बघून घ्या.

काय घालायचं, कसं पोचायचं

तापमान दोन ते सहा अंश ऐकून मनालीला जाऊन आलेले लोक हसतात. हसू नका. इथली थंडी ओली असते आणि वाऱ्यावर स्वार होऊन येते. आत थर्मल, त्यावर लोकरीचा पातळ स्वेटर, त्यावर वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं जॅकेट. एकच जाडजूड फुगीर जॅकेट आणलंत तर बाहेर बरं वाटेल, पण आत गेल्यावर घामाने भिजाल, कारण हीटर सगळीकडे सणसणीत असतात. हातमोजे हवेतच. माकडटोपी आणली असेल तर लाजू नका, कान झाकणारी दुसरी इतकी चांगली वस्तू मी पाहिलेली नाही. छत्री घरी ठेवा. पुलावर वाऱ्याचा एक झोत आला की तिच्या काड्या आभाळाकडे बघायला लागतात. बुटांचा तळ घट्ट पकडणारा हवा, कारण रस्ते विटांचे आहेत, पूल चढउताराचे, आणि त्यावर ओला पाचोळा.

फोनमध्ये ब्यूएनराडार हे ॲप टाका. पुढच्या दोन तासांत पाऊस नेमका कधी पडणार आणि कधी थांबणार ते त्यात दिसतं. इथला पाऊस मुंबईचा नव्हे, वीस मिनिटं कॉफी पीत बसलं की बहुतेकदा सर निघून जाते.

स्किपोल विमानतळाहून लायडनला थेट ट्रेन आहेत, साधारण वीस मिनिटं. अ‍ॅमस्टरडॅमहून पाऊणेक तास धरा. तिकीट काढायची गरज नाही. तुमचं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड स्टेशनच्या खांबावर किंवा गेटवर टेकवायचं, उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. दोघींना दोन कार्डं लागतात, एकीच्या कार्डावर दोघी जाता येत नाही. एकीने चढताना कार्ड टेकवलं आणि उतरल्यावर फोन, तर तो वेगळाच प्रवास मोजला जातो, तेव्हा जे वापराल तेच शेवटपर्यंत वापरा. तुमच्यातली एक इथे राहणारी असेल आणि तिच्याकडे रेल्वेची गर्दी नसलेल्या वेळेची सवलत असेल, तर सोबत येणारीलाही चाळीस टक्के सूट मिळू शकते. शनिवार-रविवार दिवसभर ही सवलत चालते. इथलीच असून हे माहीत नसलेली माणसं मला भेटली आहेत. शुक्रवारी रात्री रेल्वेच्या ॲपवर एकदा नजर टाका, रुळांची कामं मुद्दाम शनिवार-रविवारी काढतात.

राहायची जागा जुन्या गावाला वळसा घालणाऱ्या कालव्याच्या आत घ्या. खोली घेताना दोन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि पलंग दोन वेगळे आहेत का. जुन्या घरांचे जिने शिडीइतके उभे असतात, बॅग घेऊन चढताना देव आठवतो. आणि पलंगाचं विचारलं नाही तर दोघींना एका गादीवर, एका पांघरुणात रात्र काढावी लागते. मैत्री कितीही जुनी असली तरी पांघरूण वेगळं हवं.

शनिवार: बाजार, भिंती आणि एक भांडण

स्टेशनातून ‘सेंट्रुम’ लिहिलेल्या बाजूने बाहेर पडा. पाचसात मिनिटांत समोर दे फाल्क पवनचक्की येते, १७४३ची, विटांची, सात मजली. शहरात, घरांच्या वरून वारा मिळावा म्हणून ती एवढी उंच बांधली. आत संग्रहालय आहे. खालच्या मजल्यावर दळणवाल्याच्या कुटुंबाचं घर जसंच्या तसं ठेवलंय, वर चढत गेलं की जात्याचे दगड, लाकडी दातांची चाकं आणि मग बाहेरचा सज्जा. गुडघे कुरकुरत असतील तर खालचं घर बघून निघा, ते वरच्या इतकंच बघण्यासारखं आहे.

तिथून सरळ बाजारात. शनिवारी नव्या ऱ्हाईनच्या काठाने बाजार भरतो, बुधवारीही असतो, पण शनिवारचा खरा. ऱ्हाईन म्हणजे तीच जर्मनीतली नदी. तिचा एक जुना फाटा लायडनमधून जातो आणि गावात त्याच्या जुन्या-नव्या दोन धारा एकत्र येतात. मध्येच कोर्नब्रुख नावाचा पूल लागेल, त्याच्या दोन्ही कडांना खांबांवर छप्पर आहे. इथे धान्याचा व्यापार चालायचा, धान्य भिजू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात हे छप्पर घातलं. पाऊस आला की आजही सगळे त्याच्याखाली जमतात, खरेदीच्या पिशव्या पायात घेऊन.

बाजारात एक गोष्ट चुकवू नका: लायडनचं चीज. त्यात जिरं असतं. हो, आपलं फोडणीचं जिरं. ठेल्यावर ‘लाइत्से कास’ मागा. दुकानदार विचारेल, कोवळं हवं, मुरलेलं की जुनं. मुरलेलं घ्या, डचमध्ये ‘बलेखन’ म्हणतात. तो दोन्ही बाजूंना मूठ असलेली लांब सुरी चकतीवर ठेवून अंगाचा भार देतो, आणि आधी एक पातळ काप चाखायला पुढे करतो. बाहेरची साल विटकरी रंगाची. शेतावर केलेलं अस्सल असेल तर तिच्यावर एकमेकींवर फुली मारलेल्या दोन चाव्यांचा ठसा उमटलेला असतो, ते या शहराचं चिन्ह. आतला भाग फिकट पिवळा आणि त्यात जिऱ्याचे काळपट दाणे विखुरलेले. साय काढलेल्या दुधाचं असल्याने ते कडक असतं, तोंडात तेलकट होत नाही. पहिल्या घासाला खारट लागतं, मग दाताखाली एखादं जिरं फुटतं आणि दोन क्षण माणूस गोंधळून जातो. माझी मैत्रीण याचा अर्धा किलोचा तुकडा घेते आणि घरी ज्वारीच्या गरम भाकरीवर किसून खाते. मिरजेच्या लोकांना कशाबरोबर काय खावं हे कळत नाही असं मी म्हणायचे, पण या बाबतीत गप्प बसते. काटेकोर शाकाहारी असाल तर एक विचारून घ्या: शेतावरच्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात.

शाकाहारींसाठी आणखी एक. थंडीत जिकडेतिकडे वाटाण्याचं दाट सूप मिळतं, ‘स्नर्ट’. पाटी वाचून हिरवंगार, निष्पाप वाटतं, पण त्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं. शाकाहारी आहे का असं स्पष्ट विचारल्याशिवाय वाटीला हात लावू नका. डिसेंबरात मिळणारे ओलिबोलन मात्र खा, तळलेले पिठाचे गोळे, वर पिठीसाखर. मासे खाणाऱ्यांनी किबलिंगच्या रांगेत उभं राहावं, ताज्या माशाचे तळलेले तुकडे, हातात गरम पुडा. थंडीत हातमोजे काढायला हे एकच कारण मला पटतं.

खाऊन झालं की जवळच्या बुर्ख्तवर चढा. दोन धारा मिळतात तिथे माणसांनी रचलेली मातीची टेकडी आणि तिच्यावर गोल दगडी-विटांचा जुना कोट. आत काहीच नाही, तिकीटही नाही. कोटावरून चक्कर मारली की लाल कौलं आणि होखलांड्से केर्क या चर्चची प्रचंड बाजू दिसते. आपल्या किल्ल्यांची सवय असलेल्याला ‘हा किल्ला?’ असं वाटणारच. मला अजूनही वाटतं. पण झाडं निष्पर्ण असल्याने वरून गावाची मांडणी हिवाळ्यातच नीट कळते.

आता भिंती. लायडनमध्ये १९९२पासून घरांच्या भिंतींवर कविता रंगवल्या आहेत, शंभरावर, प्रत्येक तिच्या मूळ भाषेत आणि लिपीत. शोधत हिंडू नका, यादी घेऊन तर नाहीच. गल्ली वळली की समोर येतात. कवितांच्या पाठोपाठ २०१५पासून भौतिकशास्त्राची सूत्रंही रंगवायला सुरुवात झाली, कारण ती शोधणारी माणसं याच गावातली किंवा इथे वावरलेली. दहावीत प्रकाशाच्या धड्यात पाठ केलेला स्नेलचा नियम आठवतो? तो विलेब्रोर्ड स्नेल लायडनचा. आइन्स्टाइनचं समीकरण बूरहाव संग्रहालयाच्या भिंतीवर आहे. मैत्रीण शाळेत भूमितीत पैकीच्या पैकी मिळवणारी, मी काठावर पास. तरी भिंतीवर बारा फुटी सूत्र बघताना आम्ही दोघी सारख्याच चकित होतो.

दुपारच्या संग्रहालयावरून आमचं दर वेळी वाजतं. मला बूरहाव हवं असतं: विज्ञानाचा इतिहास, जुन्या मठात मांडलेला, लेव्हेनहुकचे बोटभर सूक्ष्मदर्शक, हायगेन्सचं लंबकाचं घड्याळ, आणि जिथे शरीरविच्छेदन बघायला लोक गोलाकार ओळींत जमत ते नाट्यगृह, पुन्हा उभारलेलं. तिला लाकनहाल हवं असतं. तिचे वडील इचलकरंजीत यंत्रमागांच्या कारखान्यात होते, आणि लाकनहाल ही १६४०मध्ये बांधलेली कापडाची तपासणी करायची इमारत आहे. लायडन त्या काळी युरोपातलं मोठं लोकरी कापडाचं गाव. विणकर माल घेऊन यायचा, तपासनीस रुंदी, वीण, रंग बघायचे आणि पसंत पडलेल्या कापडाला शिशाचा शिक्का लावायचे. त्याशिवाय माल विकता येत नसे. तिथे उभी राहून ती मला तागा कसा तपासतात ते हातवारे करून सांगते, तेव्हा मी तक्रार करत नाही.

त्याच इमारतीत १५७४च्या वेढ्याचं भांडं आहे. स्पॅनिश फौजेने शहर महिनोन्महिने कोंडलं होतं, उपासमारीने आणि रोगाने हजारो मेले. शेवटी डचांनी स्वतःचेच बांध फोडले, शेतं पाण्याखाली घातली आणि सपाट बुडाच्या होड्या त्या पाण्यावरून शहरापर्यंत आणल्या. ३ ऑक्टोबरला वेढा उठला, लोकांना हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटला गेला. पळून गेलेल्या शत्रूच्या छावणीत शिजवलेल्या कंदांचं भांडं सापडलं अशी आख्यायिका, आणि त्यावरून हुत्स्पोट: गाजर, कांदा, बटाटा एकत्र ठेचून. बटाटा तेव्हा इथल्या जेवणात नव्हता, तो नंतर शिरला. पुढच्याच वर्षी, १५७५मध्ये, शहराला विद्यापीठ मिळालं. संध्याकाळी हुत्स्पोट मागवलंत तर आधी ही गोष्ट माहीत असलेली बरी, कारण नुसत्या चवीवर ते फारसं तग धरत नाही. बरोबर एखादं लोणचं असतं तर, असं दोघींच्याही मनात येतं.

जमलंच नाही तर दोन तास वेगळ्या व्हा. ती तिच्या संग्रहालयात, तुम्ही तुमच्या, आणि साडेपाचला कोर्नब्रुखवर भेटा. बरोबर आलोय म्हणजे प्रत्येक पाऊल बरोबरच टाकायचं, हा हट्ट सोडला की सहली सुखाच्या होतात. शिवाय भेटल्यावर सांगायला काहीतरी असतं.

रात्रीच्या जेवणाची जागा सकाळीच फोन करून धरून ठेवा, शनिवारी भरलेली असतात, आणि स्वयंपाकघरं नऊ-साडेनऊला आवरायला लागतात. मसाल्याशिवाय जीव रमत नसेल तर सुरीनामी रोटी शोधा. १८७३पासून कलकत्त्याहून जहाजं भरभरून बिहार-पूर्वांचलातले मजूर डचांच्या सुरीनाम वसाहतीत नेले गेले. त्यांची पुढची पिढी १९७५च्या आसपास मोठ्या संख्येने इथे आली आणि आपलं जेवण घेऊन आली. रोटीत डाळीचं सारण, बाजूला बटाट्याची रस्सेदार भाजी आणि चवळीच्या लांब शेंगा. चिकनशिवाय मागा, मिळते. तिखटाची चटणी वेगळी देतात. आमच्या सांगली-मिरजेच्या जिभेलाही ती जपून घ्यावी लागते.

परत येताना एक सावधगिरी. कालव्याच्या कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. रस्ता, मग लावलेल्या सायकली, मग थेट पाणी. अंधारात फोटोसाठी मागे मागे सरकू नका, आणि सायकलींच्या लाल पट्ट्यावर उभं राहून नकाशा बघू नका.

रविवार: रापनबुर्ख

रविवारी दुकानं बहुतेक बाराला उघडतात. सकाळी गाव रिकामं असतं, आणि मला विचाराल तर सगळा शनिवार एकीकडे आणि ही सकाळ एकीकडे. मॉर्सपोर्टपासून सुरुवात करा, १६६९ची वेस. जुन्या आठ वेशींपैकी दोनच उरल्या, ही एक. बाहेरच्या पाण्याजवळच लाकडी पवनचक्की आणि पांढरा उचलता पूल. पुलाला रेम्ब्रांटचं नाव आहे. तो १६०६मध्ये इथेच पलीकडे जन्मला. घर बघायला जाऊ नका, ते कधीच पाडलं गेलं; भिंतीवर पाटी आहे.

तिथून पाण्याच्या कडेने रापनबुर्खला लागा. लायडनचा सगळ्यात देखणा कालवा. हलकं वळण घेत जातो, दोन्ही काठांना श्रीमंत व्यापाऱ्यांची आणि प्राध्यापकांची जुनी घरं. याच काठावर पुरातन वस्तूंचं राष्ट्रीय संग्रहालय आहे; त्याच्या प्रवेश दालनात इजिप्तमधलं ताफेहचं अख्खं दगडी देऊळ उभं आहे. आस्वान धरणाच्या वेळी नूबियातली स्मारकं वाचवायला मदत केली म्हणून इजिप्तने ते नेदरलँड्सला भेट दिलं. आत नाही गेलात तरी डोकावून या. पुढे विद्यापीठाची जुनी इमारत, आणि तिच्यामागे हॉर्टस.

रापनबुर्खला पुढे जोडून येणाऱ्या स्टीनस्ख्युर कालव्याच्या दोन्ही बाजूंना घरांची रांग एकदम तुटते. एका काठाला झाडांचं मोठं मैदान, समोर भव्य जुनी प्रयोगशाळा. १२ जानेवारी १८०७ला, ऐन हिवाळ्यात दुपारी, इथे बांधलेलं बंदुकीच्या दारूने भरलेलं जहाज उडालं. दीडशेच्या आसपास माणसं गेली, शेकडो घरं कोसळली. जागा कितीतरी वर्षं ओसाड राहिली. आता तिथे फान दर वेर्फ बाग आहे. समोरच्या काठावर भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनस यांची प्रयोगशाळा. १० जुलै १९०८ला त्यांनी तिथे हेलियम वायूचा द्रव केला, उणे २६९ अंशांना, आणि १९११मध्ये पाऱ्यात अतिवाहकता, म्हणजे विजेला काहीच विरोध न होणं, सापडली. काही वर्षं पृथ्वीवरची सगळ्यात थंड जागा हीच होती. तुमची बोटं गारठली असतील तर इथे उभं राहून तक्रार करायला तोंड उरत नाही. आता तिथे कायद्याची मुलं शिकतात.

आता हॉर्टस, आणि हिवाळ्यात हे मी सगळ्यांना बळजबरीने सांगते. १५९०मध्ये सुरू झालेली विद्यापीठाची वनस्पतीबाग, नेदरलँड्समधली सगळ्यात जुनी. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने इथे ट्यूलिप लावले, ते पुढे देशभर पसरले. हिवाळ्यात ट्यूलिप बिलिप काही नाही, बाहेर नुसत्या काटक्या. तुम्ही थेट काचगृहात शिरा. दार ढकलताच चष्म्यावर वाफ धरते, दोन मिनिटं काही दिसत नाही, फक्त ओल्या मातीचा आणि पानांचा वास येतो. पहिल्या पावसानंतर परसात जो येतो तो. मग एकेक दिसायला लागतं: लोंबणारी ऑर्किड्स, किडे खाणारे घटपर्णीचे पेले, नेच्यांची झाडं. जॅकेट काढा, बाकावर बसा. आम्ही तासभर बसतो, बोलतो, कधी बोलतही नाही. हॉर्टस हिवाळ्यात चारलाच बंद होतं आणि सोमवारी उघडतच नाही, तेव्हा हे दुपारआधी ठेवा.

हॉर्टसच्या टोकाला, व्हिटे सिंगल कालव्याच्या वळणावर, घुमटांची जुनी वेधशाळा आहे. या भागात आइन्स्टाइन मित्राकडे राहायला यायचे, १९२०पासून ते इथे पाहुणे प्राध्यापक होते. सत्येंद्रनाथ बोस यांच्या कामावर आधारलेल्या आइन्स्टाइन यांच्या लेखाचं हस्तलिखित लायडनच्या विद्यापीठातल्या कागदपत्रांत सापडलं, ते थेट २००५मध्ये. हे सांगितलं की मैत्रीण दर वेळी म्हणते, ‘अगं, माळ्यावर बघायला हवं आपणही.’

वेळ उरला तर एखाद्या हॉफ्यात डोकवा. पूर्वी गरीब, वृद्ध लोकांसाठी धनवंतांनी बांधलेली छोटी घरं, मध्ये चौक, लायडनमध्ये अशी पस्तीसेक आहेत. पीटर्सकेर्क चर्चसमोरचं जाँ पेसाँ हॉफ्ये आणि आउडे फेस्टवरचं मेरमान्सबुर्ख सोपी सापडतात. तिथे आजही माणसं राहतात, तेव्हा दार उघडं असेल तरच आत जा आणि आवाज खाली ठेवा. आपण दोघी आत शिरलो की आवाज आपोआप वर जातो, हे ध्यानात ठेवून.

कालवे गोठलेले दिसले तर मोहाला बळी पडू नका. हल्ली फारच क्वचित गोठतात, आणि कडेला घट्ट वाटणारा बर्फ पुलाखाली कायम पातळ असतो. जोवर डच माणसंच स्केट्स घेऊन मोठ्या संख्येने उतरलेली नाहीत, तोवर काठावरून बघा.

शेवटची कॉफी स्टेशनाच्या वाटेवर घ्या, सोबत सफरचंदाचा केक. तुकडा एवढा मोठा असतो की दोघीत एक पुरतो. चहा मागितलात तर गरम पाण्याचा पेला आणि पिशवी मिळेल, अपेक्षा ठेवू नका. ताज्या पुदिन्याचा चहा त्यातल्या त्यात बरा. चीज विमानाने न्यायचं असेल तर दुकानातच हवा काढून बंद करून मागा, नाहीतर जिऱ्याचा वास स्वेटरला लागतो. जर्मनीकडे जाणारी असेल तिने उट्रेख्टला थेट जाणारी गाडी घ्यावी, अ‍ॅमस्टरडॅमचा वळसा कशाला. आणि घरी उतरल्यावर कार्ड टेकवायला विसरू नका. गप्पांच्या नादात नेमकं तेच राहतं, आणि वीस युरो जातात.